बाबांच्या खोलीपर्यंत केबल

माझ्या हातून आयुष्यात मोठं असं काही घडलेलं नाही. फक्त एका वैशाखात, भर दुपारी, मी माझ्या वडिलांना खाटेसकट जमिनीत घातलं असतं, एवढंच. हेतू वाईट नव्हता. त्यांना बोलता यावं म्हणूनच सगळी खटपट चालली होती. ही गोष्ट आमच्या घरात हसत सांगितली जाते आणि शक्यतो मीच सांगतो, कारण बायकोनं सांगितली की त्यात माझं काम फारच वाईट दिसतं.

बाबांना लकवा मारून वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर शब्द गेले. समज सगळी शाबूत. डोळ्यांत अख्खं वाक्य दिसायचं, पण तोंडातून त्याचं पहिलं अक्षर तेवढं बाहेर पडायचं. पाणी हवं असलं की ‘पा’. चहा हवा असला की ‘चा’. चहाच्या बाबतीत वऱ्हाडात तेवढंच पुरतं, त्यामुळे चहा त्यांना वेळेवर मिळायचा. बाकीचं आम्ही ओळखायचो, म्हणजे चुकायचो.

मी बाळापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या आमच्या गावात राहायचो. नवी नोकरी लागली तेव्हा मी फार शहाणा झालो होतो. बाबा ‘मले’ म्हणाले की मी म्हणायचो, “मले नाही बाबा, मला.” ते शांतपणे म्हणायचे, “तुले समजलं ना? मंग झालं.” आता वर्षभर त्या घरात बाबांच्या तोंडून ‘मले’ ऐकू आलं नव्हतं, आणि ते ऐकण्यासाठी मी काहीही करायला तयार होतो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलणं परत येऊ शकतं, पण रोज अर्धा तास कोणीतरी शिकवलं पाहिजे. उशीर करू नका. शिकवणारी बाई अकोल्यात. बाबांना रोज तिकडे न्यायचं तर रस्त्यानंच त्यांचा जीव गेला असता. बाई म्हणाल्या, मी व्हिडिओवर शिकवते, हरकत नाही. हरकत एवढीच होती की आमच्या गावात व्हिडिओ नीट दिसायचा तो पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. लकव्याच्या माणसाला टाकीवर कसं चढवायचं, हे बाईंना विचारायचा मला धीर झाला नाही.

अशात गावात फायबर आली. रस्त्याच्या कडेनं नाली खोदत, नारिंगी पाइप पुरत पंचायतीपर्यंत पोहोचली. ज्याला घरात पाहिजे त्याला तिथून जोडून मिळणार होती.

ती वर्षं शेतकऱ्यांना चांगली नव्हती. कोणी दोन दिवस दिसलं नाही तर शेजारी आपणहून दार वाजवून यायचे, आणि दार उघडलं की काहीतरी कारण काढायचे, विळा मागायचे, वेळ विचारायचे. मी बाबांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचो आणि काही मथळे गाळायचो. ते गाळले की बाबा माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, त्यांना कळत नसेल. पण नाली खोदणारी माणसं आली तेव्हा सगळं गाव बघायला जमलं. कितीतरी दिवसांनी जमिनीत काहीतरी घालायला कोणी आलं होतं, आणि ते बी नव्हतं.

केबल खांबावरून घ्यायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडची वांदरं असली तार सोडत नाहीत, झोका घेतात. म्हणजे पुरूनच आणायची. आणि आणायची ती थेट मागच्या खोलीत, कारण बाबा तिथं होते.

ती खोली मला कधीच आवडली नाही. घरात सगळ्यात कोंदट तीच. एकच खिडकी, तीही उंचावर. बाबांनी ती मी फार लहान असताना बांधली आणि तेव्हापासून ते तिथंच झोपत आले. आई गेली तेव्हाही तिथंच. लकव्यानंतर आम्ही त्यांना समोरच्या हवेशीर खोलीत हलवायचं ठरवलं, तर डाव्या हातानं त्यांनी लोखंडी खाटेचा पाइप असा धरला की दोघांना सुटेना. डोळ्यांतून पाणी. बायको म्हणाली, “राहू द्या. म्हाताऱ्या माणसाचा जीव कुठंतरी अडकून असते.” मी तिला ‘असतो’ म्हणून दुरुस्त करणार होतो. केलं नाही, हे माझ्या बाजूनं एक नोंदवून ठेवा.

कंत्राटदाराचा मिस्त्री परतवाड्याकडचा, बारीक, कानाला बिडी लावलेला. बरोबर दोन मजूर. तो फाटकापाशी उभा राहिला आणि अंगणातल्या शहाबादी फरशीकडे बघून म्हणाला, “फरशी फोडा लागन.”

“फोडा लागन?” बायको म्हणाली. “मागच्या दिवाळीले बसवली ती. तुमी आधी माहं डोस्कं फोडा.”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग त्यानं तोडगा काढला: फाटकापाशी एक खड्डा घ्यायचा, त्यातून लोखंडी पाइप आडवा जमिनीत सरकवायचा, मागून पाणी सोडत जायचं. पाण्यानं माती मऊ होते, पाइप पुढे जातो, वरची फरशी हलत नाही. थेट मागच्या खोलीत निघायचं. रस्त्याखालून नळ असेच नेतात म्हणे. मी म्हणालो, “उत्तम.” मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण उत्तम म्हणायची सवय होती.

सकाळी दहाला काम सुरू झालं. मी बाबांच्या उशाशी बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हणालो, बाबा, तुमच्यासाठीच आहे. जमिनीखालून तार येणार, थेट तुमच्या खाटेखाली.

त्यांचा चेहरा बदलला. डावा हात उठला. “पे,” ते म्हणाले.

“पाणी?”

मान हलली. नाही. “पे. पे.”

मी पेपर आणला. त्यांनी तो हातानं उडवून लावला. बायकोला वाटलं पेज हवी असेल, आजारपणात त्यांना तांदळाची पेज आवडायची. ती करायला गेली. मी पेन दिला. तो त्यांना डाव्या हातात धरता येईना, आणि मी “हळूहळू, बाबा, हळूहळू” म्हणत राहिलो. वर्गातल्या ढ पोरांशी मी ज्या आवाजात बोलायचो तो आवाज. मग बाहेरून मिस्त्रीनं हाक मारली आणि मी सुटका झाल्यासारखा बाहेर गेलो.

पाइप छान चालला होता. दहा-दहा फुटांचे तीन तुकडे गेले, चौथा जोडला, तोही निम्मा गेला. अंगातलं सगळं बळ लावून दोघं मजूर ढकलत होते. आणि मग एकदम पाइप त्यांच्या हातून आपणहून पुढे गेला. दोघंही गुडघ्यांवर आपटले. दोन फूट. कोणी पलीकडून ओढून घ्यावा तसा.

“असं काहून झालं?” मी विचारलं.

“नरम माती लागली असन,” मिस्त्री म्हणाला. त्यानं पाइप मागेपुढे करून पाहिला. तो सैल झाला होता. ताकातल्या रवीसारखा फिरत होता.

पाणी सोडलं. एरवी ते गढूळ होऊन खड्ड्यात परत यायचं. आता आलंच नाही. एक बादली, चार, दहा. विहिरीवरची मोटर लावून पाइपात थेट नळी घातली. अर्धा तास पाणी चाललं होतं. एक थेंब बाहेर नाही.

मिस्त्री अस्वस्थ झाला. “सर, एवढं पाणी जाते कुठं?”

आणि इथं मी बोललो. मी त्या तिघांना, भर उन्हात, काळ्या मातीविषयी माहिती दिली. वैशाखात आपल्या वऱ्हाडातल्या काळीला अशा भेगा पडतात की त्यात हात कोपरापर्यंत जातो, विळा पडला तर सापडत नाही. ती माती आठ महिन्यांची तहानलेली असते. पिऊ द्या तिला. पोट भरलं की पाणी परत येईल. “सोडा अजून,” मी म्हणालो. मिस्त्रीनं मान डोलावली. मास्तर सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार.

तेवढ्यात घरातून बायको आली. तिच्या हातात पेजेची वाटी तशीच. म्हणाली, “जरा आत या.”

आत आलो. खोली नेहमीपेक्षा गार वाटली. बाबा डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या पाइपावर ठोकत होते. ठक, ठक. थांबायचे. ठक, ठक.

“हे बाबा करून राहिले,” बायको म्हणाली. “पण आता ऐका.”

बाबा थांबले. आणि खाटेखालून, जमिनीच्या खालून, कुठून तरी खोलातून आवाज आला. ठण्ण.

बाबांनी पुन्हा ठोकलं. खालून पुन्हा ठण्ण.

बाहेर मिस्त्री पाइप हलवतोय, तो कशाला तरी लागत असणार, हे मला कळलं, लगेच कळलं. मी ते बायकोला सांगितलंही. पण कळून उपयोग झाला नाही. ते दोघं, वर बाबा आणि खाली जे काही होतं ते, एकमेकांशी बोलताहेत असंच वाटत होतं, आणि वर्षभरात बाबांना इतकं भराभर उत्तर आमच्यापैकी कोणी दिलं नव्हतं.

“पे,” बाबा म्हणाले. घाम फुटला होता त्यांना. “पे. पे. पे.”

“काय पे? काय पे बाबा?” मी ओरडलो. वडिलांवर ओरडलो. या ठिकाणी मी अजूनही सांगता सांगता थांबतो.

बाहेर आलो तर मिस्त्री खड्ड्यात उकिडवा बसून बिडी पेटवत होता. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. ती पाइपाच्या तोंडाशी येताच विझली. वारा नव्हता. फाटकावरचं बोगनवेलीचं पानही हलत नव्हतं. त्यानं तिसरी काडी मुद्दाम सावकाश, दोन्ही हातांच्या आडोशानं पाइपाजवळ नेली. ज्योत फडफडली नाही, वाकली नाही. कोणी चिमटीत धरावी तशी नाहीशी झाली. आणि पाइपातून एक वास येत होता. आंबूस. जुना. ओळखीचा, पण कुठला ते आठवेना.

“सर,” मिस्त्री हळूच म्हणाला, “या घरात कोनी गेलं होतं का?”

“प्रत्येक घरात कोणीतरी गेलेलंच असतं,” मी म्हणालो. वाक्य चांगलं होतं. माझा आवाज चांगला नव्हता.

त्याच वेळी शेजारचे चाचा नमाज आटोपून घरी चालले होते. चाचा बाबांच्याच वयाचे. आधी ज्वारीची दलाली करायचे. मग सगळ्यांनी ज्वारी सोडून कपाशी आणि सोयाबीन धरलं, तेव्हा चाचा बोकडांच्या धंद्यात शिरले. त्यांनी मला उघडं नागडं फिरताना पाहिलेलं असल्यामुळे माझ्या मास्तरकीचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नसे.

“क्या मास्तर, नहर खोदून राहिला का?”

मी त्यांना सगळं सांगितलं. पाणी परत येत नाही, पण काळजीचं कारण नाही, काळी माती उन्हाळ्यात पाणी पिते.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. “अबे, गाव कायच्यावर आहे?”

“म्हणजे?”

“शेत काळीत असते. गाव पांढरीवर असते. तुह्या बापाच्या बापानं बी इथं पांढरीवरच घर बांधलं. पांढरीले भेगा पडलेल्या पाह्यल्या तू कधी? काळी पेते, बाबू. पांढरी नाई पेत.” एवढं बोलून ते एकदम थांबले. नाक वर करून त्यांनी वास घेतला. त्यांचा चेहरा बघून मजुरांपैकी एकानं मोटर बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं.

“भाऊ काय म्हणते?” चाचांनी विचारलं. ते बाबांना भाऊ म्हणायचे.

“सकाळपासून नुसतं पे, पे म्हणून राहिले,” बायको दारातून म्हणाली. “पेपर देला, पेन देला, पेज केली.”

“पेव,” चाचा म्हणाले. “पेव म्हणते तो. या अल्ला. त्याले बाहेर काढा आधी.”

आता मी एक कबुली देतो. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मी वीस वर्षं शिकवत होतो. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, दोन गुण. ‘शहरात शिकवणी वर्गांचे पेव फुटले आहे.’ शेकडो पोरांना मी त्याचे दोन-दोन गुण दिले असतील. पण पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार, वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत रांजणासारखं मोठं पोट, हे मला फक्त पुस्तकातलं माहीत होतं. ते गावात कुठं असतं, आणि ते कोणाच्या खाटेखाली असू शकतं, हे कधी मनात आलंच नाही. माझा बाप सकाळपासून मला तो शब्द सांगत होता, आणि मी मराठीचा मास्तर.

चाचा आत जाताजाता बोलत होते, तुटक, मला ऐकू यावं म्हणून नव्हे, आपलं आपल्याशी. ते पेव दोघांच्या घरांचं मिळून होतं. दोघं मित्र, माल एकत्र ठेवायचे. एका वर्षी पेव उघडलं. उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं असतं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर आत विषारी वाफ आहे, उतरायचं नाही. त्या दिवशी घाई होती, खरेदीदाराची गाडी दाराशी उभी होती. बाबा म्हणाले, काही होत नाही. चाचांचे मोठे भाऊ उतरले.

“भाईजान उतरले,” चाचा म्हणाले. “अन् वरतं आले ते दोरीनं.”

बाबांनी पेवावर दगड टाकला, माती लोटली, वर खोली बांधली आणि त्या खोलीत खाट टाकली. पुन्हा कोणी उघडू नये म्हणून. आम्हाला कधी सांगितलं नाही. चाचांनीही नाही. त्यानंतर पस्तीस वर्षं ते दोघं आमच्या ओट्यावर बसून रोज संध्याकाळी चहा प्यायले, आणि मी त्यांच्यामध्ये बसून पाढे म्हटले.

खोलीत आलो. जमीन तशीच होती, गुळगुळीत, लाल सिमेंटची. फक्त खाटेच्या एका पायापासून भिंतीपर्यंत केसासारखी एक रेघ गेली होती. सकाळी ती होती की नाही, मला सांगता येत नाही.

“आस्ते पाय टाका,” चाचा म्हणाले. “सगळे एकदम शिरू नका.”

मी वाकून बाबांच्या काखेत हात घातला. त्यांनी खाटेचा पाइप धरला. तोच डावा हात, तीच पकड. मी बोटं सोडवायला लागलो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझाच हात सुटला. सकाळपासून ते आम्हाला सावध करत होते, म्हणजे स्वतःही निघतील, असं मी धरून चाललो होतो. स्वतः निघायचं त्यांच्या मनात नव्हतंच. आम्ही निघावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

“बाबा, चला. बाबा, पाया पडतो.”

जमिनीतून बारीकसा कर्र आवाज आला. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी.

चाचा पुढे झाले. भिंतीला धरून, कडेकडेनं. खाटेपाशी पोचले आणि बाबांच्या हातावर त्यांनी चापट मारली, लहान मुलाला मारतात तशी.

“छोड.”

बाबांनी मान हलवली.

“अरे छोड ना! कोनाची राखन करून राहिला? तो काय इथं बसून आहे का? कब्रस्तानात आहे तो. दर जुम्म्याले मी जातो, फातेहा पढतो. कधी तुहं नाव नाई घेतलं त्यानं.” चाचांचा आवाज चिरकला, मग ते भडकले. “तू बी जाशील आत, अन् हा तुहा येडा मास्तर बी तुह्यामागं उडी टाकीन. मंग मी चहा कोनासंग पेऊ?”

बाबांची बोटं एकेक करून उघडली.

खाट दारातून निघणार नव्हती, तिथंच जोडलेली होती ती. आम्ही बाबांना चादरीत घेतलं. डोक्याकडे मी, पायांकडे मिस्त्री, चाचा नुसते सूचना करत. दारातून निघताना माझा खांदा चौकटीला अडकला आणि मी घाबरून “जमीन! जमीन!” असं ओरडलो, तर मिस्त्रीनं शांतपणे सांगितलं, “सर, तुमचा सदरा हाय तो.” खिसा खुंटीला अडकला होता. माझ्या वाट्याचा पराक्रम तेवढाच.

बाबांना चाचांच्या बैठकीत नेऊन निजवलं. आम्ही सगळे चाचांच्या ओट्यावर उभे राहून आमच्या घराकडे बघत राहिलो. तास गेला. काही झालं नाही. घर नेहमीसारखं उभं. एक कोंबडी फाटकातून आत गेली, खड्ड्यातलं काहीतरी टोचून परत आली. मला हळूहळू वेडगळ वाटायला लागलं. मी म्हणालो, “बाबांची औषधं आत राहिली. पटकन घेऊन येतो.”

“औषध बाळापुरात भेटते,” बायको म्हणाली. “तुमी भेटत नाई.” असं ती माझ्याविषयी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली असावी. मी थांबलो.

मग ते झालं. आवाज झालाच नाही, हे मला आजही खरं वाटत नाही. चाचांच्या ओट्यावरून आमच्या मागच्या खोलीचं अंगणाकडचं दार समोरच दिसायचं. दार उघडंच होतं. जमीन हळूच खाली बसली, दमलेला माणूस बसतो तशी. खाटेचा एक पाय गेला, मग दुसरा. खाट थोडी तिरपी झाली, क्षणभर थांबली, आणि गादी, उशी, बाबांच्या पायाशी घडी करून ठेवलेला टॉवेल, सगळं घेऊन खाली उतरली. भिंती तशाच. खिडकीतून येणारं ऊन आता जमिनीवर पडत नव्हतं. मग तो आंबूस वास सगळ्या गल्लीत पसरला, आणि मला आठवलं तो कशाचा होता. ओली, कुजकी ज्वारी. पस्तीस वर्षं तिथं राहून गेलेली.

दुसऱ्या दिवशी मुरुमाच्या दोन ट्रॉल्या मागवल्या. बुजवून टाकायचं, दुसरा विचार नव्हता. ट्रॉली दाराशी उभी राहिली तेव्हा बाबांनी चाचांची बाही ओढली. चाचांना कळलं. त्या दोघांना अक्षरं लागत नसावीत. चाचा आपल्या घरात गेले आणि कुठून तरी जुना कंदील काढून घेऊन आले. काच पुसली, घासलेट भरलं, दोरी बांधली.

बाबांना खुर्चीत बसवून मागच्या अंगणात आणलं, भगदाडापासून चांगलं दूर. चाचांनी खोलीच्या दारात पालथं पडून कंदील खाली सोडला. पुरुषभर खाली गेला आणि विझला. वर ओढला. बाबांनी डावा हात हलवला. पुन्हा. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथंच विझला. ट्रॅक्टरवाला कुरकुरायला लागला. मी त्याला चहा पाजला. दुपारी चाचांनी पुन्हा सोडला. तेव्हा थोडा आणखी खाली जाऊन विझला. बाबा हात खाली करत नव्हते. तोंडानं काही नाही. आता त्यांना कोणताच शब्द सांगायचा नव्हता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा चाचांनी शेवटचा सोडला. पुरुषभर. दोन पुरुष. दोरी सरत गेली. ज्योत विझली नाही. कंदील तळाला टेकला आणि आत उजेड पडला. मी कडेला पालथा होऊन पाहिलं. पेवाचं गोल पोट, शेणानं सारवलेलं, जिथं ओल पोचली नव्हती तिथं सारवणाची बोटं अजून दिसत होती. पडलेल्या मातीच्या ढिगावर बाबांची खाट तिरकी उभी होती. उशी जागेवर. जणू कोणीतरी नुकतंच उठून बाहेर गेलं होतं.

“जळून राहिला,” चाचा वर न बघता म्हणाले. “भाऊ, जळून राहिला तो.”

बाबांनी ते ऐकलं. बराच वेळ ते दोरीकडे बघत राहिले. मग त्यांचा हात मांडीवर आला.

कंदील वर काढायचा की तसाच ठेवायचा, यावर मिस्त्री आणि ट्रॅक्टरवाला थोडे भांडले. चाचांनी दोरीच आत सोडून दिली. पहिली ट्रॉली उलटी झाली तेव्हा मुरुमाची धूळ उडून आमच्या सगळ्यांच्या अंगावर आली. मी बाबांचं तोंड पुसायला वळलो. ते खुर्चीत मान कलती करून झोपले होते. घोरत होते. मी आणि चाचांनी खुर्ची तशीच उचलली आणि त्यांना जाग येऊ न देता सावलीत नेऊन ठेवली.